हिपॅटायटिस सीच्या भीतीचे राजकारण



वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. बैठक संपते, सतरंज्या गोळा होतात, सगळे पांगतात आणि मग कुणीतरी मागे थांबून दबक्या आवाजात विचारते, "सर, सुई टोचली होती. काही होणार तर नाही ना?" विचारणारी कधी घंटागाडीवर कचरा वेचणारी ताई असते. कधी जयंतीच्या मेळ्यात दंडावर 'जय भीम' गोंदवून आलेला बी.ए.चा पोरगा असतो. कधी लहानपणापासून रक्त चढवावे लागणाऱ्या सिकलसेलच्या मुलीची आई असते. नाव तिघेही घेत नाहीत. 'तो आजार', 'ती काळी कावीळ', 'ते रक्तातले' एवढेच म्हणतात.

या माणसांना आपला समाज, बरेचसे डॉक्टर आणि खेदाने म्हणावे लागते की आपले कार्यकर्तेसुद्धा एकच उत्तर देतात: घाबरू नका. आमचा या उत्तराला विरोध आहे. ज्याला माहिती मिळालेली नाही, तपासणीचा कागद मिळालेला नाही, रजा मिळालेली नाही, त्याने घाबरायचे नाही तर काय करायचे? 'घाबरू नका' म्हणणे फुकट असते. 'उद्या सकाळी नऊ वाजता सिव्हिलला चला, आम्ही सोबत येतो' असे म्हणायला मात्र आपला एक दिवस द्यावा लागतो. म्हणूनच पहिले वाक्य जास्त ऐकू येते.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आहे आणि तो रक्तातून रक्तात जातो. १९८९ पर्यंत तो ओळखताही येत नव्हता, शास्त्रज्ञ त्याला 'ए नाही, बी नाही' एवढेच म्हणत. ज्यांच्या संशोधनाने त्याचा छडा लागला त्या हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५५ लाख लोक हा विषाणू घेऊन जगत आहेत. लागण झालेल्या दर दहांपैकी आठांना सुरुवातीला काहीच होत नाही. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. त्यातल्या काहींचे शरीर सहा महिन्यांत स्वतःच विषाणूला हाकलून देते. उरलेल्यांमध्ये तो मुक्काम ठोकतो आणि वीस वर्षांच्या काळात शंभरातल्या पंधरा ते तीस जणांचे यकृत घट्ट, निबर होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. त्यामुळे 'मला काहीच होत नाही, म्हणजे मी ठीक आहे' हे या आजारात चालत नाही. तसेच 'मला थकवा येतो, म्हणजे मला झालाच' हेही चालत नाही. शरीराकडे बघून यातले काहीच कळत नाही. कळते ते रक्ताच्या तपासणीतून.

आता मुद्दा हा की सुई कुणाला टोचते?

मधुमेहाचे इंजेक्शन घरी घेणारा माणूस सुई वापरून झाली की ओल्या कचऱ्यात, चहाच्या चोथ्यासोबत टाकतो. तो वाईट माणूस असतो असे नाही. त्या डब्यात पुढे कुणाचा हात जाणार आहे याचा विचार करायची वेळ त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आलेलीच नाही. हात जातो तो ठरलेल्या जातींचा. महार, मांग, मेहतर, वाल्मीकी, रुखी ही नावे नगरपालिकेच्या हजेरीपटावर लिहिलेली नसतात, पण पट वाचला की कळतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यात सुया, ब्लेड यांसाठी न टोचणारा, न गळणारा पांढरा डबा सांगितला आहे. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी असेही लिहिले आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचरा म्हणून वेगळ्या द्यायला सांगितल्या होत्या. कागद उत्तम आहे. गल्लीबोळातला छोटा दवाखाना मात्र तीच सुई काळ्या पिशवीत घालून पहाटे घंटागाडीत टाकतो आणि पिशवी फोडून ओला-सुका वेगळा करते आमची मावशी, ज्या हातमोज्यांना तिसऱ्या दिवशी भोके पडतात ते हातमोजे घालून.

आमच्या ओळखीच्या एका ताईला अशीच सिरिंज तळहातात घुसली. तिने मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, "पाण्याने धू आणि गाडीवर चढ. दवाखान्यात गेलीस तर खाडा पडेल बघ." ठेकेदाराच्या कार्यालयात अपघाताची नोंदवही नव्हती. तिने पदराने हात बांधला आणि पाळी पूर्ण केली. त्यानंतरचे दोन महिने ती रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघत होती. धाकट्या लेकराला जवळ घेणे तिने बंद केले. नवऱ्याला सांगितले नाही, कारण त्याने पहिला प्रश्न काय विचारला असता हे तिला माहीत होते. तिच्या मेंदूत बिघाड झाला होता का? तिला 'एन्झायटी' होती का? असेल. पण त्या आजाराचे कारण लिहायची वेळ आली तर आम्ही 'एका दिवसाचा खाडा' असे लिहू.

बौद्ध वाङ्मयात सल्लत्थ सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. अजाण माणूस त्या दुःखाने तळमळतो तेव्हा त्याला दुसरा बाण मनाला लागतो. जाणत्याला फक्त पहिलाच. हल्ली हा दाखला शहरातल्या शिबिरांमध्ये, भारी फी घेऊन सांगितला जातो आणि तात्पर्य काढले जाते की दुसरा बाण तुम्हीच स्वतःला मारता, म्हणून डोळे मिटा, श्वासाकडे बघा. श्वासाकडे बघण्याला आमचा विरोध नाही, आम्हीही बघतो. पण घंटागाडीवरच्या ताईचा दुसरा बाण तिने स्वतः मारलेला नाही. तो मुकादमाने मारला, नोंदवही न ठेवणाऱ्या ठेकेदाराने मारला, ठेकेदाराला बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने मारला. बुद्धाने 'जाणता' हा शब्द वापरला तो उगाच नाही. जाणण्याची साधने कुणाच्या हातात आहेत, हा त्यातला प्रश्न आहे, आणि तो शिबिरात कुणी विचारत नाही.

आता तरुणांकडे येऊ, कारण हे वाचणारे बहुतेक तरुण आहेत.

१४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मेळ्यांमध्ये गोंदणाचे स्टॉल लागतात. शे-दोनशे रुपयांत बाबासाहेबांची सही, अशोकचक्र, 'जय भीम' हातावर उमटते. या गोंदणाची टिंगल करणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो की ज्यांच्या अंगावर शतकानुशतके दुसऱ्यांनी जात लिहिली, त्यांच्या पोराला स्वतःच्या मर्जीने स्वतःच्या अंगावर काही लिहावेसे वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. पण स्टॉलवाला एकाच सुईने रांगेतल्या वीस पोरांना गोंदत असेल, एकाच झाकणातल्या शाईत ती बुडवत असेल, तर त्या सुईला निळा झेंडा कळत नाही. आदल्याच्या रक्तातला विषाणू ती पुढच्याच्या अंगात नेऊ शकते. दरवेळी नेतेच असे नाही, पण नेऊ शकते. मग पोरगा रात्री मोबाइलवर शोधतो, वाचत जातो आणि पहाटे तीन वाजेपर्यंत त्याचे लिव्हर खराब झालेले असते, म्हणजे मोबाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या दादाला विचारले तर दादा म्हणतो, "बाबासाहेबांचा वाघ ना तू? वाघ घाबरतो का?"

हे वाघाचे राजकारण आता पुरे झाले. आपल्या चळवळीत भीती बोलून दाखवणाऱ्या माणसाला कमकुवत ठरवायची सवय लागली आहे. परिणाम असा की भाषणात वाघ असलेली माणसे रक्ताची एक नळी द्यायला तीन वर्षे टाळाटाळ करतात आणि रात्री झोप यावी म्हणून क्वार्टर घेतात. या आजारात दारू यकृताचे नुकसान दुपटीने घाईला आणते, हे कुणी सांगत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात तरी हे सांगायला इतकी लाज का वाटावी?

तर तपासणी कशी असते ते नीट बघू. आमच्या अनुभवात निम्मी भीती इथेच उतरते.

सुई टोचली की लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवायची. पिळायची नाही, चोखायची नाही, ब्लीच किंवा ॲसिड लावायचे नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचे. हिपॅटायटिस सीसाठी आधीच घ्यायचे प्रतिबंधक औषध नाही आणि लसही नाही, पण एचआयव्हीसाठी आहे. ते दोन तासांत सुरू झाले तर उत्तम आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून 'उद्या बघू' म्हणायचे नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही त्याच वेळी डॉक्टरांकडे मागायची. लस न घेतलेल्याला टोचलेल्या सुईतून बीची लागण होण्याचा धोका सीपेक्षा कितीतरी जास्त असतो. लोक सीला घाबरतात आणि बीची तीन डोसांची साधी लस राहून जाते, ही एक वेगळीच शोकांतिका आहे.

सीचा धोका किती? ज्याला हा आजार नक्की आहे अशा माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचे प्रमाण पूर्वी शंभरात सुमारे १.८ मानले जाई. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ते ०.२ च्या आसपास आले. म्हणजे हजारात दोन. कचऱ्यातली सुई कुणाची होती हे माहीत नसते, त्यामुळे हा आकडा तिला जसाच्या तसा लावता येत नाही. पण 'टोचली म्हणजे झालाच' हे गणित चूक आहे एवढे त्यातून कळते. आकडा लहान आहे म्हणून तपासणी नको, असे मात्र कुणी म्हणू नये. ज्याला आयुष्यात एकदा टोचली त्याचा हा हिशेब आहे. आमच्या मावशीला वर्षातून चारदा टोचते आणि अशी वीस वर्षे जातात.

पहिली तपासणी लगेच, पहिल्या दोन-तीन दिवसांत. ती कशासाठी, असे लोक विचारतात. आजचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल आणि पुढे पॉझिटिव्ह आला तर लागण या कामातच झाली, हे त्या कागदाने सिद्ध होते. कंत्राटी कामगाराला हा कागद सोन्यासारखा आहे, तो जपून ठेवायचा. त्यानंतर तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आरएनए तपासणी. ती विषाणूलाच शोधते, म्हणून लवकर कळते. शेवटची अँटीबॉडी तपासणी चार ते सहा महिन्यांनी. ती निगेटिव्ह आली की विषय संपला. खरोखर संपला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी खासगी लॅबमध्ये पैसे भरून तीच तपासणी करत राहणे हा आजार नव्हे, पण आजाराइतकाच त्रास आहे. आम्ही अशी पोरे बघितली आहेत ज्यांच्या पाकिटात पाच-पाच निगेटिव्ह रिपोर्ट असतात आणि सहाव्यासाठी पैसे साठवणे चालू असते. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की कॅलेंडरवर तीन तारखांना गोल करा आणि ते एका विश्वासाच्या माणसाला दाखवा. मधल्या दिवसांत भीती आली की त्या माणसाला फोन करा, मोबाइलवर शोधू नका. भीतीने जेवण-झोप तुटली असेल, कामावर जाववत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. मनाच्या डॉक्टरकडे जाणे हे वेड्यांचे काम आहे, ही समजूत आपल्या वस्त्यांनी आता टाकून द्यावी.

आणखी एका शब्दाने फार गोंधळ होतो. लॅबच्या कागदावर 'अँटीबॉडी रिॲक्टिव्ह' लिहिलेले असते आणि घरात रडारड सुरू होते. अँटीबॉडी म्हणजे शरीराने कधीतरी या विषाणूशी दोन हात केल्याची खूण. ज्याचे शरीर लढाई जिंकले त्याच्या रक्तातही ही खूण वर्षानुवर्षे राहते. विषाणू आज आहे की नाही हे फक्त आरएनए किंवा 'व्हायरल लोड' तपासणी सांगते. तोवर कुणालाही रुग्ण म्हणू नका, स्वतःलाही.

आणि समजा, आहे. मग?

मग औषध आहे. सोफोस्बुव्हिर हे औषध अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आले तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती. रोज एक, ८४ दिवस, म्हणजे पूर्ण उपचाराचे ८४,००० डॉलर. माणसाच्या जिवाला लावलेला हा भाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतात त्याच्या पेटंटविरुद्ध रुग्णांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले आणि भाव कोसळला. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी, व्हायरल लोड आणि औषधे मोफत आहेत. सिरॉसिस नसलेल्याला साधारण बारा आठवडे सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या, सिरॉसिस असेल तर दुसरे मिश्रण किंवा जास्त मुदत. शंभरात ९५ हून अधिक जण बरे होतात. बरे म्हणजे विषाणू रक्तातून जातो, आणि औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी तपासून तसे लेखी मिळते. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारा. नाव घेतल्याशिवाय केसपेपरच्या खिडकीवर पुष्कळदा 'आमच्याकडे नाही' एवढेच ऐकायला मिळते. नाव घेतले की वरच्या मजल्यावर पाठवतात.

इतके असूनही आपली माणसे कुठे जातात? कावीळ उतरवणाऱ्याकडे. डोक्यावर दोऱ्याची माळ ठेवतात, ती हळूहळू लांबत पायापर्यंत येते आणि कावीळ उतरली म्हणतात. ती माळ गाठी सैल होऊन लांबते, निरोग्याच्या डोक्यावर ठेवली तरी लांबते. कुणी हात धुवायला लावतात आणि चुन्याची निवळी पिवळी करून दाखवतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावलेला असला की चुन्यात पिवळा रंग येतोच, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव करून दाखवले आहे. साध्या काविळीतले बरेच रुग्ण आपोआप बरे होतात, म्हणून या लोकांचा धंदा चालतो. सीमध्ये तर बहुतेकांना कावीळ दिसतच नाही, मग उतरवणार काय? घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि उंबऱ्यावर माळवाला, ही विसंगती आपण किती दिवस सहन करायची?

पण आम्हाला सर्वांत जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि हा लेख लिहायला बसलो ते त्यासाठीच.

वस्तीतल्या एका घरात रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचा पेला वेगळा झाला. ताट वेगळे, टॉवेल वेगळा, सून लेकराला त्याच्या मांडीवर बसू देईना. घर बौद्ध. भिंतीवर महाडच्या चवदार तळ्याचे चित्र. आम्ही त्या घरात बसून चहा घेतला आणि त्या चित्राकडे बघत राहिलो. २० मार्च १९२७ ला ज्या समाजाने एका ओंजळ पाण्यासाठी माणूसपणाचा दावा मांडला, त्या समाजाच्या घरात वेगळा पेला? हॉटेलबाहेर खुंटीला टांगलेली, आपल्यासाठी ठेवलेली फुटकी कपबशी आपल्या आजोबांनी बघितली आहे. तीच आपण आपल्या फळीवर आणून ठेवली.

शास्त्र याबाबत अगदी स्वच्छ आहे. हिपॅटायटिस सी एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, हात मिळवल्याने, खोकल्याने पसरत नाही. डास चावल्याने नाही, आईच्या दुधाने नाही. वेगळे काय ठेवायचे? दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे कटर, कारण त्यांना रक्त लागू शकते. एवढेच. ब्लेड वेगळे ठेवणे म्हणजे आरोग्य, पेला वेगळा ठेवणे म्हणजे अस्पृश्यता. हा फरक ज्याला समजत नाही त्याने चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण करू नये.

बाहेरच्यांचा हिशेब तर याहून वाईट. शस्त्रक्रियेआधी एचआयव्ही, बी आणि सी या तिन्ही तपासण्या करतात, रुग्णाला त्यातली एकही समजावून सांगत नाहीत आणि पॉझिटिव्ह आला की 'आमच्याकडे ऑपरेशन होणार नाही' म्हणतात किंवा 'स्पेशल किट'चे जादा पैसे लावतात. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती फोडायची नाही, नोकरी-उपचार-शिक्षणात भेदभाव नाही, असे त्यात आहे. तो रुग्णांनी लढून मिळवला. हिपॅटायटिस सी असलेल्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. लोक तपासणीला का जात नाहीत याची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकांनी 'अज्ञान' लिहून मोकळे होण्याआधी हा हिशेब मांडावा. तपासणी केली तर घरात पेला वेगळा, कामावर खाडा, दवाखान्यात दार बंद. न केली तर फक्त भीती. गरीब माणूस भीती निवडतो, कारण ती स्वस्त पडते. त्याला तपासणीकडे आणायचे असेल तर तपासणी स्वस्त करावी लागेल, आणि नुसती पैशांनी नाही.

'पण हे चळवळीचे काम आहे का?' असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला विचारले. संविधान धोक्यात असताना तुम्ही सुया काय मोजता, असा त्यांचा सूर होता. त्यांचा आम्हाला आदर आहे. त्यांना आमचे उत्तर असे की, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचे काम प्रा. अडारकरांकडे आले, १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. कामगाराच्या आजारपणातला पगार हा त्या काळात राजकारणाचा विषय होता, तर आज का नसावा? त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत संसर्गजन्य रोग हे व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले होते. आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतल्या कामासाठी, आणि संसर्गाचा विशेष धोका असलेल्या इतर कामांसाठीही. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही हीच यादी होती. घंटागाडीवरचे काम त्या 'इतर कामां'त येते, असा दावा आपण लावून धरला पाहिजे. तो लावून धरायला कागद लागतात. सुई टोचली त्या दिवसाची नोंद, पहिल्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट, हजेरीपटाची प्रत. म्हणून नोंदवही नसेल तिथे कामगाराने स्वतः अर्ज लिहावा, ठेकेदाराने घेतला नाही तर पालिकेच्या आवक-जावकला द्यावा आणि शिक्क्याची पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर आपली एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेली पोरे कशासाठी आहेत?

मागण्याही साध्या आहेत. प्रत्येक पाळीच्या ठिकाणी अपघाताची नोंदवही. टोचले त्या दिवसाची भरपगारी सुट्टी आणि पुढच्या दोन तपासण्यांच्या दिवशीही. कामावर घेतानाच हिपॅटायटिस बीची लस, जी नियमात आहेच. सुई आरपार जाणार नाही असे हातमोजे, आणि ते फाटले की त्याच दिवशी बदलून. यातली एकही मागणी कोटीची नाही. ज्या पालिका चौक सुशोभीकरणावर पैसे उडवतात त्यांना हे परवडत नाही, असे कुणी आम्हाला सांगू नये.

जयंती मंडळांकडे मागणी वेगळी आहे. मैदानावर गोंदणाच्या स्टॉलला जागा देताना अट घाला: प्रत्येकासाठी नवी सुई, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडून, शाई प्रत्येकाला वेगळ्या झाकणात, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा डबा. हे न पाळणाऱ्याला जागा नाही. त्याच्या शेजारी एक टेबल सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणी पथकाला द्या. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताची झटपट तपासणी साधारण वीस मिनिटांत होते, तेवढ्या वेळात एक भीमगीत आणि एक भाषण होऊन जाते. पहिली बोटे अध्यक्ष आणि सचिवांनी पुढे करावीत, मग पोरे रांग लावतील. रिपोर्ट ज्याचा त्यालाच, बंद पाकिटात. माइकवरून नावे पुकारायची नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे माइक हातात आला की काहीही पुकारले जाते.

जयंतीच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतात. वर्गणी, डीजे आणि मिरवणुकीचा मार्ग यावर तीन-तीन तास जातात, त्यातली पंधरा मिनिटे या विषयाला द्या. जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायच्या अर्जाचा नमुना आम्ही तयार केला आहे. त्यात फक्त मंडळाचे नाव, मैदानाचा पत्ता आणि तारीख भरायची आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मागून घ्यावा. अर्ज किमान महिनाभर आधी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम!